छप्पर नसलेल्यांचा देव आणि आपला गट

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच ताईंनी मागितला म्हणून या अंकात देत आहोत.)



मला बोलायला विषय दिलाय, 'वंचित कुटुंबं आणि आपले गट'. बचतीचे, कर्जाचे, परतफेडीचे आकडे तुम्ही आत्ताच अहवालात ऐकले. मी ते परत सांगत नाही. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, ज्यांच्या हातात उद्याचा पैसा नाही, त्या माणसांचा देवावरचा विश्वास. तुम्ही म्हणाल, ताई, हा काय बैठकीचा विषय झाला? कीर्तनाचा विषय आहे हा. पण तो आपल्या बैठकीत रोज येतोय, बायांनो. फक्त त्याला विषय म्हणून कुणी नोंदवहीत लिहीत नाही.

कसा येतो, सांगते. ऊसतोडीहून परतलेली एखादी बाई कर्जाची मागणी करते. कारण विचारलं की मान खाली घालून म्हणते, "नवस फेडायचाय." मग बसलेल्या बायका एकमेकींकडं बघतात. एखादी बोलूनही जाते, "खायला दाणा नाही आन् देवाला बोकड!" दुसरीकडं, देवळाच्या सभामंडपात झोपणाऱ्या म्हातारीचं नाव निघालं, की कुणीतरी म्हणतं, "तिला काय, देव बघतोय तिच्याकडं." पहिल्या बाईला आपण हसलो. दुसरीला देवावर सोपवलं. दोन्ही वेळेला झालं काय? आपलं रजिस्टर मिटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गरिबाच्या श्रद्धेला हसू नका. आणि गरिबाची श्रद्धा पुढं करून आपलं काम टाळू नका.

बेघर म्हणजे कोण?

आधी बेघर म्हणजे कोण ते बघू. आपल्याला वाटतं, बेघर म्हणजे मुंबईच्या फुटपाथवरचे लोक. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपात, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर आणि देवळात, मंडपात झोपलेली माणसं मोजली. देशात 17 लाख 73 हजार भरली. आपल्या महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांच्या वर. आणि ऐका, देशातल्या या माणसांपैकी 8 लाख 34 हजार खेड्यात होती. म्हणजे जवळपास निम्मी. बेघर माणूस आपल्या गावातही आहे. आपण त्याला बेघर म्हणत नाही, एवढंच. आपण म्हणतो, "ती देवळातली म्हातारी", "तो दर्ग्यावरचा बाबा", "पारावरचा वेडा".

मोजणाऱ्यांना देवळात का जावं लागलं, याचा विचार करा. कारण माणसाला सगळीकडून हाकललं की तो देवाच्या दारी जातो. तिथं सावली असते, पाण्याचा नळ असतो, कुणीतरी नारळाचा तुकडा हातावर ठेवतं. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवायला बसलेल्याला कुणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही, आधार कार्ड मागत नाही. गुरुवारी दर्ग्यावर, शनिवारी मारुतीपुढं, रविवारी चर्चच्या दारात तीच माणसं दिसतात. त्यांना विचारलं कुठला देव तुझा, तर म्हणतील, "सगळेच." पोटाची सोय हे एक कारण झालं. पण तेवढंच कारण नाही.

एक आजी मला माहीत आहे. नवरा गेला, घर पडलं, पोरं शहरात गेली ती गेलीच. ती देवीच्या सभामंडपात राहायची. तिची एक पिशवी होती. त्यात दोन लुगडी, एक जर्मनचं ताट, आणि फडक्यात गुंडाळलेले घरच्या देवांचे टाक. मी म्हटलं, आजी, चांदीचे आहेत, मोडले असते तर महिनाभराचा किराणा आला असता. ती म्हणाली, "घर गेलं गं बाई, पण माझ्यापाठी देव बेघर करू का?" रोज सकाळी ती ते टाक सभामंडपाच्या कोपऱ्यात मांडायची, पाणी घालायची, परत गुंडाळून ठेवायची. तेवढा वेळ ती कुणाच्या तरी घरातली सून असायची. बाकी दिवसभर ती फक्त 'देवळातली म्हातारी'.

बायांनो, श्रद्धा त्या आजीला हे देते. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, आठ-अ वर नाही, रेशन कार्डावर नाही. पण देवापुढं उभी राहिली की ती कुणाचीतरी कुणीतरी आहे. हे तिच्याकडून काढून घ्यायचा आपल्याला काही अधिकार नाही.

कोपीतला नवस

आता ऊसतोडीच्या बाईकडं येऊ. आपल्यातल्या कितीतरी जणी दिवाळी झाली की गाडीत बसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाच-सहा महिने फडाजवळ कोपी घालून राहायचं. ताडपत्री, बांबू, वर पाचट. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं. गावात घर आहे, पण त्याला कुलूप आहे. वर्षातला अर्धा काळ ही बाई बेघरच असते. फक्त कुठल्या यादीत ती बेघर म्हणून येत नाही.

त्या कोपीत पहिल्या दिवशी काय होतं? तीन दगडांची चूल मांडली जाते, आणि मेडीला देवाचा फोटो लटकतो. कुणाची येडाई, कुणाचा खंडोबा, कुणाचे भगवानबाबा, कुणाचे बाबासाहेब आणि बुद्ध. चूल आणि फोटो झाला, की मग ती कोपी घर होते.

अशा कोपीत रात्री लेकरू तापानं फणफणलं. दवाखाना लांब. नवरा गाडी भरायला गेलेला. सकाळी खाडा केला तर पैसे कापणार. त्या बाईनं काय करावं? तिनं पदर पसरला आणि म्हटलं, "आई, लेकरू उठून बसू दे, चैतात तुझ्या दारी येईन." त्या रात्री तिच्याशी बोलायला दुसरं कोणी जागं नव्हतं. लेकरू उठलं. आता तो नवस तिच्या डोक्यावर कर्ज आहे. मुकादमाच्या वहीत आहे तसंच. फरक एवढाच की या कर्जाला व्याज नाही आणि वसुलीला कोणी दारात येऊन शिव्या देत नाही. म्हणून तर तिला ते आधी फेडावंसं वाटतं! सगळ्या वर्षात एकाच सावकारानं तिला माणसासारखं वागवलेलं असतं.

म्हणून नवसाच्या कर्जाला हसू नका म्हणते मी. पण याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. नवस म्हणून बोकड, मंडप, भावकीचं जेवण, आणि आता वर डीजे. हिशेब चाळीस-पन्नास हजारांवर जातो. गटातून मिळाले नाहीत तर ती मुकादमाकडं जाते. म्हणजे देवाचं फेडायला पुढच्या हंगामाची उचल आत्ताच घेतली. लेकरू ज्या कोपीत आजारी पडलं, त्याच कोपीत ते लेकरू परत. देवीनं हे मागितलं होतं का?

जनाबाई, चोखोबा आणि बंद दार

आपल्या मराठी मुलखात हा प्रश्न नवा नाही. जनाबाई गंगाखेडची. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. स्वतःचं घर नाही, संसार नाही, दुसऱ्याच्या घरचं दळण-कांडण. तिनं देव कुठं पाहिला? जात्यापाशी. विठ्ठल येऊन दळू लागतो, शेणी वेचू लागतो, असं तिनं मानलं. ज्या बाईच्या कष्टाला कुणी हात लावत नाही, तिचा देव तिला कामाला हात लावणाराच असणार. आपल्या आया-आज्यांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या, त्यातही हाच देव आहे. सासरचं, माहेरचं, मनातलं सगळं ज्याच्यापाशी बोलता येतं, असा.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. मजुरी करणारा माणूस. 1338 साली गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी आहे, पायरीजवळ, बाहेर. जिवंतपणी त्यांना आत जाता आलं नाही. त्यांच्या समाजाला ते दार उघडायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं! विचार करा, सहाशे वर्षं गरिबाची श्रद्धा पक्की होती. कमी पडली ती दार उघडणाऱ्यांची माणुसकी.

म्हणून कुणी म्हणालं, "त्यांची भक्ती आहे ना, देव तारेल," तर मला चोखोबा आठवतात. भक्ती त्यांच्याइतकी कुणाची असणार? पण भिंत कोसळायची ती कोसळलीच.

गाडगेबाबांनी काय बांधलं?

यातून वाट दाखवली ती गाडगेबाबांनी. त्यांची गोष्ट आपल्या गटांना फार जवळची आहे, कारण ती कर्जापासून सुरू होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 1876. बाप दारूपायी लवकर गेला. मायलेकरं मामाच्या आसऱ्याला दापुऱ्याला गेली. तिथं डेबूजी राबले, पण मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली आणि हातची गेली. शाळा नाही, अक्षरओळख नाही. अंगठा कुठं उठवला जातो हे न कळल्यानं घर कसं बुडतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि गाडगं.

अमरावतीकडं पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. कर्जानं पिचलेला माणूस तिथं बुडी मारायला का येतो, हे वेगळं सांगायला नको. नदीकाठी चिखल, म्हातारी माणसं घसरून पडायची. गाडगेबाबांनी त्या लोकांना घालून पाडून बोलून परत पाठवलं नाही. त्यांनी तिथं लोकांच्या हातांनी घाट बांधायला घेतला. आणि कीर्तनात तेच बाबा लोकांना विचारायचे, की कर्ज काढून सण का करता, देवाला मुकं जनावर का मारता, पोराला शाळेत का घालत नाही. लेकीच्या बारशाला मटण-दारूची रीत असताना त्यांनी गोड जेवण घातलं होतं. आधी स्वतःच्या घरात करून दाखवलं, मग लोकांना सांगितलं.

हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवा. श्रद्धा घेऊन आलेल्याच्या पायाखालचा चिखल काढायचा. आणि त्याच श्रद्धेच्या नावानं त्याला लुबाडणारी रीत मोडायची.

पुढं त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. देऊळ बांधायला त्यांना कुणीही पैसा दिला असता. त्यांनी निवारा बांधला, कारण वारीला येणारा गरीब माणूस रात्री कुठं झोपतो, हा त्यांचा प्रश्न होता. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कुठंच जागा मिळत नव्हती, म्हणून चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा झाली. चोखोबांना जे दार मिळालं नाही, ते त्यांच्या नावानं दुसऱ्यांना मिळालं. हीच वास्तू 1949 साली बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. आजही मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा कॅन्सर रुग्णालयात येणारे गावोगावचे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. आपल्या जिल्ह्यातलीही माणसं तिथं राहून आली आहेत. स्वतःसाठी मात्र बाबांनी घर बांधलं नाही. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले, ते अमरावतीजवळ, वलगावला, प्रवासात.

आपल्या गटांची दशसूत्री आहे ना? गाडगेबाबांचाही दहा गोष्टींचा संदेश आहे. त्यात उपाशी माणसाचं जेवण येतं, गरिबाच्या पोराचं शिक्षण येतं, बेघराचा निवारा येतो. त्यातली बहुतेक कामं माणसासाठी करायची आहेत, आणि त्यालाच ते धर्म म्हणाले.

लुबाडणाऱ्यांपासून सावध

एक गोष्ट स्पष्ट बोलते. गरिबाच्या श्रद्धेवर दुकान मांडणारेही आपल्या भागात आहेत. लेकरू होत नाही, दारू सुटत नाही, करणी केलीय, असं म्हणून आधी हजार, मग पाच हजार, मग अंगारा आणि मारहाण. हे श्रद्धेत येत नाही, हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवतो म्हणून बाईला मारणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे त्या कायद्यानं गुन्हे ठरवलेत. आपल्या गटातल्या बाईच्या बाबतीत असं घडलं, तर तिला "तूच कशी गेलीस" असं विचारू नका. दवाखाना लांब आणि महाग होता, बुवा जवळ होता, म्हणून ती गेली. तिला आधी दवाखान्यात न्या, मग सगळ्या मिळून पोलीस ठाण्यात चला.

मग गटानं करायचं काय?

पहिलं. नवसाच्या कर्जाची मागणी आली, तर हसायचं नाही आणि डोळे झाकून मंजूरही करायची नाही. तिला शांतपणे तीन प्रश्न विचारायचे. नेमकं काय बोलली होतीस? तेवढंच फेडायला किती लागतात? बाकीचा खर्च देवाचा की भावकीचा? बहुतेक वेळा नवस असतो खणा-नारळाचा, चालत येण्याचा. तेवढ्यासाठी दोन-तीन हजार गटातून द्यावेत. ती मुकादमाच्या दारात गेली नाही, तर गटाचीच बचत झाली. आणि जमलं तर दोघी-तिघी तिच्याबरोबर देवीला जा.

दुसरं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला जाण्याआधी सांगा, की एक देश एक रेशन कार्ड योजनेत ती जिथं जाईल तिथल्या रेशन दुकानावर तिला धान्य मिळतं. तिचं आणि घरच्यांचं आधार रेशन कार्डाला जोडलेलं आहे का, हे दिवाळीआधी तपासा. लेकरांना मागं ठेवायचं असेल, तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहाची योजना आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. भगवानबाबांचा फोटो कोपीत लावणाऱ्या बाईला त्यांच्या नावाच्या वसतिगृहाची माहितीच नसेल, तर ती पोचवायचं काम आपलं.

तिसरं. देवळात, दर्ग्यात, पारावर झोपणाऱ्या माणसांची नावं ग्रामसंघाच्या वहीत लिहा. 'देवळातली म्हातारी' असं नाही, पूर्ण नाव लिहा. आधार नसेल तर पत्त्याच्या पुराव्यासाठी सरपंचाचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. वय 65 च्या वर आणि आधाराला कोणी नाही, तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरा. त्याच्या खाली असेल आणि निराधार असेल, तर संजय गांधी योजनेचा. अर्ज भरताना तिच्या शेजारी बसा, कारण तिला कुणी शेजारी बसवत नाही.

चौथं. घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत ज्यांना अजिबात निवारा नाही आणि जे भिक्षेवर जगतात, अशा कुटुंबांना आधी घ्यायचं असा नियम आहे. जागा नाही म्हणून अडलं असेल, तर जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. ग्रामसभेत हे नाव कोण घेणार? ती आजी ग्रामसभेला येत नाही. आपण गेलं पाहिजे, आणि नाव मोठ्यानं घेतलं पाहिजे.

पाचवं. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच वेळेसाठी आहे. तो बँकेत जपून ठेवलाय म्हणून शाबासकी घेऊ नका. तो कुणाच्या कामी आला, ते पुढच्या वर्षी इथं उभं राहून सांगा.

त्या आजीचं पुढं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. तिला श्रावणबाळ सुरू झालं. त्या गावच्या दोन गटांनी मिळून तिला एक पत्र्याची खोली भाड्यानं करून दिली. पहिल्या दिवशी तिनं भिंतीत एक खिळा मारून फळी लावली आणि टाक त्यावर मांडले. त्यानंतर चूल पेटवली.

शेवटी एवढंच मागते. पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गावात रात्री कोण कुठं झोपतं, ते एकेक नाव घेऊन मोजा. जेवढी नावं निघतील तेवढी सीआरपी ताईंकडं द्या. आम्ही तालुक्याला जायला तुमच्याबरोबर आहोत.

जय जिजाऊ, जय सावित्री.